टपालाच्या कप्प्यांची नावे

टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कारकुनापुढे लाकडी खणांचे एक उभे कपाट असते. प्रत्येक खणावर एखाद्या गावाचे किंवा टपालमार्गाचे नाव लावलेले असते. पत्र हाती आले की त्यावरील पत्ता वाचावयाचा आणि ते योग्य त्या खणात टाकावयाचे, एवढेच त्याचे काम. वरवर पाहता खणांवरील त्या चिठ्ठ्यांना फारसे महत्त्व नाही. परंतु एखादी चिठ्ठी चुकली, किंवा दोन खणांवर एकच नाव लागले, तर लिहिणाऱ्याचा काहीही दोष नसताना पत्र भलत्याच गावी जाते आणि कधी कधी कायमचे हरवते. पत्र सुखरूप पोहोचणे हे त्यावरील पत्त्याइतकेच खणावरील नावावरही अवलंबून असते.

संगणकाच्या टपालालाही हा नियम तंतोतंत लागू आहे. ई-मेल म्हणजे तारांतून क्षणार्धात निघून जाणारी वस्तू, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ते पत्र वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या ना कोणत्या यंत्राच्या डिस्कवर मुक्काम करते. कोठे क्षणभर, कोठे काही तास, आणि ज्या सर्व्हरवर पत्राच्या धन्याचे खाते असेल तेथे तर वर्षानुवर्षे. या मुक्कामाची जागा म्हणजे एखादी फाइल, आणि अनेक फाइली ज्यात ठेवल्या जातात तो कप्पा म्हणजे डिरेक्टरी. या कप्प्यांना नावे द्यावी लागतात. ती कोणी दिली, कशी दिली आणि का बदलली, याचा इतिहास सुमारे साठ वर्षांचा आहे. एकदा लिहिलेले पत्र हरवू नये, या एकाच चिंतेपोटी तो घडत गेला.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत झाला. तेथे १९६० नंतरच्या दशकात सीटीएसएस नावाची एक संगणक-व्यवस्था चालत असे. एकाच प्रचंड यंत्रावर अनेकांनी आळीपाळीने, पण जणू एकाच वेळी काम करावे, ही कल्पना तिच्या मुळाशी होती. यंत्र एक आणि माणसे अनेक, असे झाल्याबरोबर एकाने दुसऱ्यासाठी निरोप ठेवण्याची गरज उत्पन्न झाली. पॅट क्रिसमन, ग्लेंडा श्रोडर आणि लुई पुझँ यांनी एका टिपणात अशा सोयीची सूचना केली आणि १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्ह्लेक व नोएल मॉरिस या दोन तरुणांनी ‘मेल’ नावाची आज्ञा प्रत्यक्षात लिहिली. त्या व्यवस्थेत प्रत्येक फाइलीचे नाव दोन शब्दांचे असे आणि प्रत्येक शब्दाला सहा अक्षरांची मर्यादा असे. या चौकटीत नेमके बसणारे नाव त्यांनी निवडले, ते म्हणजे ‘मेल बॉक्स’. ज्याला निरोप द्यावयाचा त्याच्या कप्प्यात याच नावाची फाइल तयार होई आणि निरोप तीत लिहिला जाई. दारावर टांगलेल्या टपालपेटीचे नाव अशा रीतीने यंत्रात शिरले. पेटीत पत्र कोणीही टाकावे, पण उघडून वाचावे ते फक्त घरधन्याने, हा खऱ्या पेटीचा नियमही त्या नावाबरोबर आत आला.

पुढे बेल प्रयोगशाळेत युनिक्स नावाची व्यवस्था जन्मास आली. तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे आणि तीतही ‘मेल’ ही आज्ञा आढळते. आलेले टपाल ‘मेलबॉक्स’ या फाइलीत साठे. धन्याने ते वाचल्यावर यंत्र त्याला विचारी, की हे जपून ठेवावयाचे काय? होकार मिळाल्यास त्या फाइलीचे नाव बदलून ‘एमबॉक्स’ असे करण्यात येई. प्रत्येक पत्राच्या आरंभी धाडणाऱ्याचे नाव आणि वेळ यांची एक ओळ उमटे. तिला पुस्तिकेत टपालाच्या शिक्क्याचाच शब्द वापरला होता. न वाचलेले टपाल एका नावाखाली आणि वाचून ठेवलेले दुसऱ्या नावाखाली, ही या व्यवस्थेतली सूक्ष्म पण दूरगामी गोष्ट होय. पत्राचा मजकूर तोच राही. नाव बदलले की त्याची अवस्था बदलली असे समजले जाई. हे बीज पुढे पंचवीस वर्षांनी कसे फळले, ते यथावकाश दिसेलच.

आरंभी ही पेटी ज्याच्या त्याच्या घरी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कप्प्यात असे. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली तोवर मात्र सर्वांच्या पेट्या एका सामाईक ठिकाणी हलल्या होत्या. ‘यूएसआर’ या मोठ्या कप्प्यात ‘स्पूल’ नावाचा कप्पा, त्याच्या पोटात ‘मेल’ नावाचा कप्पा, आणि त्यात प्रत्येक माणसाच्या नावाची एकेक फाइल, अशी ती मांडणी होती. यांपैकी ‘यूएसआर’ हे नाव वापर करणाऱ्यांच्या घरांवरून पडले होते, कारण पूर्वी त्यांचे खाजगी कप्पे तेथेच असत. ‘स्पूल’ म्हणजे दोऱ्याचे रीळ. संगणकाच्या परिभाषेत या शब्दाला रांगेत थांबलेल्या कामाचा अर्थ आला होता. यंत्र वेगवान आणि छपाईचे साधन संथ, तेव्हा छापावयाचा मजकूर मध्ये कोठेतरी साठवून ठेवावा लागे. त्या जागेला स्पूल म्हणत. टपालाला या कप्प्यात स्थान मिळाले, यावरून त्याकडे पाहण्याची त्या काळची दृष्टी स्पष्ट होते. टपाल तेथे राहण्यासाठी येत नसे. त्याने थोडा वेळ थांबावे, धन्याने ते उचलून न्यावे आणि जागा मोकळी करावी, अशी अपेक्षा असे. याच आवृत्तीत आणखी एक नाव भेटते, ते म्हणजे ‘डेड लेटर’. जे पत्र धाडता आले नाही त्याचा मजकूर या नावाच्या फाइलीत ठेवला जाई. ज्यांचा धनी सापडत नाही अशा पत्रांसाठी टपाल खात्यात जे डेड लेटर ऑफिस असे, त्याचीच ही प्रतिमा.

एका माणसाची सारी पत्रे एका फाइलीत, ही पद्धत दिसावयास सुटसुटीत होती. पण तिच्या पोटात तीन दोष दडलेले होते.

पहिला दोष सीमारेषेचा. एक पत्र कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे यंत्राला कळावे म्हणून प्रत्येक पत्राच्या आरंभी ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी ओळ असे. आता एखाद्याने पत्राच्या मजकुरातच याच शब्दाने ओळ सुरू केली, तर यंत्राला ते नवे पत्र वाटे. यावर तोड म्हणून अशा ओळीपूर्वी बाणाच्या टोकासारखे एक चिन्ह घालण्याची प्रथा पडली. जुन्या ई-मेलांत काही ओळींच्या आरंभी विनाकारण आलेले ते चिन्ह अनेकांनी पाहिले असेल. म्हणजे पत्र सुरक्षित राहावे म्हणून टपालखात्याने त्याच्या मजकुरात एक अक्षर घुसडावयाचे, असा तो प्रकार झाला.

दुसरा दोष गर्दीचा. एकाच क्षणी दोन पत्रे एकाच पेटीत आली तर दोघांचा मजकूर एकमेकांत मिसळे. तो मिसळू नये म्हणून कुलपाची योजना करावी लागली, आणि हे कुलूप म्हणजेही एक नावच होते. पेटीच्या नावापुढे ‘लॉक’ हा शब्द जोडून एक रिकामी फाइल निर्माण करावयाची. ती निर्माण करता आली तर पेटी आपली. त्या नावाची फाइल आधीच असेल तर दुसरा कोणी आत आहे असे समजून थांबावयाचे. एका कप्प्यात एका नावाची एकच फाइल राहू शकते, या साध्या नियमावर हे कुलूप उभे होते. पण कुलूप लावणारा कार्यक्रम मध्येच बंद पडला तर रिकामी फाइल तशीच मागे राही आणि पेटीचे दार उघडेना. शिवाय अनेक यंत्रे जाळ्यातून एकच कप्पा वापरू लागली, तेव्हा एका यंत्राने लावलेले कुलूप दुसऱ्याला वेळेवर दिसेलच, याची शाश्वती राहिली नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. पत्र लिहिले जात असता वीज गेली तर ते अर्धवट राही. आणि पेटीतून एखादे पत्र काढून टाकण्यासाठी सारी फाइल नव्याने लिहिली जात असता ती गेली, तर जुनी, जपून ठेवलेली पत्रेही धोक्यात येत.

एक पत्र म्हणजे एक फाइल, हा या दोषांवरचा उपाय. तो रँड या संशोधन संस्थेत पुढे आला. नॉर्मन शपिरो आणि स्टॉक्टन गेन्स यांनी त्याची तत्त्वे मांडली आणि १९७९ च्या सुमारास ब्रूस बॉर्डन यांनी ‘एमएच’ या नावाने तो साकार केला. त्यात विषयवार कप्पे असत आणि कप्प्यातील पत्रांना १, २, ३ असे आकडेच नाव म्हणून दिले जात. पत्र काढून टाकावयाचे झाले तर ते लगेच नष्ट होत नसे. त्याच्या आकड्यापूर्वी एक स्वल्पविराम लागे आणि ते यादीतून दिसेनासे होई. मन बदलले तर ते परत आणता येई. नाव बदलून अवस्था बदलण्याची युक्ती येथे पुन्हा दिसते. तथापि एमएचची रचना टपाल वाचणाऱ्याच्या सोयीची होती. बाहेरून टपाल आणून टाकणाऱ्या सर्व्हरांनी ती त्या काळी सार्वत्रिक स्वीकारली नाही.

सर्व्हरांच्या बाजूस त्या वेळी एका वेगळ्याच कार्यक्रमाचा उदय होत होता. बर्कले येथील विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९७९ मध्ये ‘डिलिव्हरमेल’ लिहिले आणि त्यातूनच १९८३ च्या सुमारास ‘सेंडमेल’ प्रसिद्ध झाले. पुढची अनेक वर्षे जगातील टपालाचा फार मोठा भाग सेंडमेलमधूनच वाहत होता. ज्या पत्रांना तत्काळ पाठविणे शक्य नसे, ती ‘एमक्यू’ म्हणजे टपालाची रांग या कप्प्यात थांबत. तेथे प्रत्येक पत्राचे दोन तुकडे होत. एकाचे नाव ‘क्यूएफ’ या अक्षरांनी सुरू होई. त्यात पत्र कोणाचे, कोणाला, आणि आतापर्यंत काय घडले, याची नोंद असे. दुसऱ्याचे नाव ‘डीएफ’ने सुरू होई आणि त्यात मजकूर असे. पाकीट निराळे आणि आतील कागद निराळा, ही टपालातली जुनी विभागणी येथे दोन अक्षरांत मावली होती. पाकिटावर कितीही वेळा शेरे मारावे लागले तरी आतल्या कागदाला हात लावण्याची गरज पडत नसे.

परंतु सेंडमेल हा एकच अवाढव्य कार्यक्रम सारी कामे सर्वाधिकाराने करीत असे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी जो कुप्रसिद्ध ‘वर्म’ हजारो यंत्रांत पसरला, त्याने आत शिरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक सेंडमेलमधून जात होती. टपालाचे काम लहान लहान भागांत वाटावे, प्रत्येक भागाला जरुरीपुरताच अधिकार द्यावा, आणि एका भागाकडून दुसऱ्याकडे पत्र सोपविण्याची जागा ठरलेली असावी, हा विचार त्यानंतर बळावत गेला. अशी जागा म्हणजे कप्पाच. तेव्हा कप्प्यांच्या नावांचे महत्त्व आता कितीतरी वाढले.

या विचाराचे सर्वांत नेटके फळ म्हणजे ‘मेलडिर’. गणिताचे अभ्यासक डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९५ च्या अखेरीस ‘क्यूमेल’ हा नवा टपाल-कार्यक्रम लिहावयास घेतला आणि त्याबरोबर पत्रे साठविण्याची ही पद्धत मांडली. तीत प्रत्येक माणसाच्या टपालकप्प्यात तीनच उपकप्पे असतात. पहिल्याचे नाव ‘टीएमपी’, म्हणजे तात्पुरता. दुसऱ्याचे ‘न्यू’, म्हणजे नवा. आणि तिसऱ्याचे ‘कर्’, म्हणजे करंट या शब्दाचे संक्षिप्त रूप, चालू. पत्र येऊ लागले की ते प्रथम तात्पुरत्या कप्प्यात लिहिले जाते. शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून ते डिस्कवर पक्के उमटले, अशी खात्री पटल्यावरच ते नव्या कप्प्यात सरकते. वाचणाऱ्याच्या कार्यक्रमाने ते पाहिले की ते तेथून चालू कप्प्यात जाते.

या तीन नावांत मोठी किमया भरलेली आहे. फाइल एका कप्प्यातून दुसऱ्यात नेणे ही क्रिया युनिक्समध्ये अर्धवट होऊ शकत नाही. ती झाली तर पूर्ण होते, नाही तर मुळीच होत नाही. त्यामुळे नव्या कप्प्यात जे दिसेल ते पत्र संपूर्णच असणार, ही हमी मिळते. मध्येच वीज गेली तर अर्धवट तुकडा तात्पुरत्या कप्प्यात पडून राहतो आणि छत्तीस तास त्याला कोणी शिवले नाही तर तो खुशाल झाडून टाकावा, असा नियम आहे. धाडणाऱ्या सर्व्हरला पोच मिळालेली नसल्याने तो ते पत्र पुन्हा धाडतोच. म्हणजे पत्र हरवत नाही. आणि कुलूप कोठे आहे? ते उरलेच नाही. प्रत्येक पत्राला त्याचे स्वतःचे, दुसऱ्या कोणालाही मिळणार नाही असे नाव असते, म्हणून दोन पत्रांची टक्कर होत नाही. हे नाव तीन भागांचे बनते: १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, टपाल टाकणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक, आणि यंत्राचे नाव. काळ, कर्ता आणि स्थळ ही तिन्ही एकाच वेळी जुळणे अशक्य, असा त्यामागील तर्क. यंत्रे अधिक वेगवान झाल्यावर एकाच सेकंदात तोच प्रक्रियाक्रमांक पुन्हा येण्याचा संभव दिसू लागला, तेव्हा नावात सेकंदाच्या सूक्ष्म भागांची भर घालण्यात आली.

पत्र चालू कप्प्यात गेल्यावर त्याच्या नावाला एक शेपूट जोडले जाते. एक अपूर्णविराम, दोनचा आकडा, एक स्वल्पविराम, आणि मग काही रोमन अक्षरे. ‘एस’ म्हणजे पाहिले, ‘आर’ म्हणजे उत्तर दिले, ‘टी’ म्हणजे टाकून द्यावयाचे, ‘एफ’ म्हणजे खूण केलेले. पत्र न उघडता केवळ कप्प्याची यादी वाचून कोणते पत्र कोणत्या अवस्थेत आहे, हे समजते. १९७१ च्या पुस्तिकेतले ‘मेलबॉक्स’चे ‘एमबॉक्स’ होणे येथे पूर्णत्वास पोहोचले.

या पद्धतीतही उणिवा आहेतच. हजारो पत्रांच्या हजारो लहान फाइली होतात आणि साऱ्या पत्रांतून एखादा शब्द शोधावयाचा तर त्या सर्व उघडाव्या लागतात. तो अपूर्णविराम तर विंडोज व्यवस्थेत फाइलीच्या नावात चालतच नाही. म्हणून तेथे निराळे चिन्ह वापरावे लागते. एका देशात निर्दोष असलेले नाव दुसऱ्या देशाच्या नाक्यावर अडावे, तशातला हा प्रकार.

वाटेत थांबलेल्या टपालाचे कप्पे याहूनही बोलके आहेत. क्यूमेलच्या रांगेत प्रत्येक पत्राला जो क्रमांक मिळतो, तो डिस्कवरील त्या फाइलीच्या स्वतःच्या नोंदणीचा क्रमांक असतो. एक पत्र जिवंत असेपर्यंत तो दुसऱ्या फाइलीला मिळूच शकत नाही. म्हणजे नाव शोधण्याचे श्रमही वाचले. याच सुमारास डच शास्त्रज्ञ विट्से व्हेनेमा यांनी अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात दुसरा एक टपाल-कार्यक्रम तयार केला. डिसेंबर १९९८ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि ‘पोस्टफिक्स’ या नावाने रूढ झाला. त्याच्या कप्प्यांची नावे ओळीने वाचली तर पत्राचा सारा प्रवासच डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘मेलड्रॉप’ म्हणजे त्याच यंत्रावरील माणसाने पेटीत टाकलेले. ‘इनकमिंग’ म्हणजे आत येणारे. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे आता रवाना होत असलेले. या कप्प्यात एका वेळी किती पत्रे असावीत याची मर्यादा असते, आणि व्यवस्थापकाने ती बदलली नाही तर ती २०,००० असते. ‘डिफर्ड’ म्हणजे पलीकडचा सर्व्हर सापडला नाही म्हणून पुढच्या खेपेसाठी ठेवलेले. ‘होल्ड’ म्हणजे व्यवस्थापकाच्या हुकुमाने थांबविलेले. आणि ‘करप्ट’ म्हणजे खराब झालेले. पण तेही फेकलेले नव्हे, माणसाने येऊन पाहावे म्हणून बाजूस काढलेले. खराब पत्रालाही स्वतःचा कप्पा देण्यात जी सावधगिरी आहे, ती टपालाच्या धर्माला शोभणारी आहे.

रांग लांबली की आणखी एक अडचण येते. पूर्वीच्या बहुतेक व्यवस्थांत कप्प्यातील एक नाव शोधण्यासाठी यंत्र आरंभापासून एकेक नाव वाचीत जाई. कप्प्यात पन्नास हजार पत्रे असली तर प्रत्येक शोध हे एक संकटच. म्हणून कप्प्यांत उपकप्पे करण्याची युक्ती निघाली. क्यूमेल आपल्या रांगेचे २३ भाग पाडते. पत्राच्या क्रमांकाला तेवीसने भागून जी बाकी उरेल, त्या आकड्याच्या कप्प्यात ते पत्र जाते. पोस्टफिक्स पत्राच्या ओळखक्रमांकातील चिन्हावरून सोळांपैकी एक उपकप्पा निवडते. या युक्तीचे मर्म भारतीय श्रोत्यांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतीय टपालखात्यात सुरू झालेला सहा आकडी पिनकोड हा याच तत्त्वाचा आविष्कार होय, आणि त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे व्यासंगी कवी असलेले मराठी अधिकारी होते. पहिला आकडा पाहिला की देशाचा विभाग ठरतो. महाराष्ट्र आणि गोवा यांचा आकडा चार. पुढचा प्रत्येक आकडा शोधाचे क्षेत्र आणखी लहान करीत जातो. भेद इतकाच की पिनकोडच्या आकड्यांना भूगोलाचा आधार आहे, तर तेवीसच्या बाकीला कसलाच अर्थ नाही. पत्रे सारखी वाटली जावीत एवढेच तिचे काम.

सर्वांच्या पेट्यांचा जो सामाईक कप्पा, त्याच्या पत्त्याचाही एक वाद होऊन गेला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अनेक यंत्रांनी ‘यूएसआर’ हा कप्पा जाळ्यातून वाटून घ्यावा आणि त्यात कोणी काही बदलू नये, अशी सोय करण्यात आली. मग सतत बदलणाऱ्या टपालाने राहावयाचे कोठे? त्यासाठी ‘व्हार’, म्हणजे बदलते, असा नवा कप्पा निर्माण झाला. पण कोणी टपाल ‘व्हार’मधील ‘स्पूल’च्या आत ठेवी, तर कोणी ‘स्पूल’ वगळून थेट ‘व्हार’मध्ये. १९९४ साली लिनक्स व्यवस्थेसाठी कप्प्यांच्या नावांचा जो मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात पहिला पर्याय होता. २००० सालच्या सुधारित आवृत्तीने दुसरा स्वीकारला, कारण युनिक्सच्या बहुतेक शाखांत तोच रूढ झाला होता. मात्र मसुदाकर्त्यांनी एक शहाणपण दाखविले: टपाल प्रत्यक्ष हलविण्याची सक्ती केली नाही. नव्या नावाने विचारणा केली तरी जुनी जागा सापडावी, अशी केवळ एक वाट दाखविणारी खूण ठेवली म्हणजे पुरे होते. रस्त्याचे नाव बदलल्यावर जुन्या नावाचे पत्रही पोहोचते करणाऱ्या पोस्टमनची ही वृत्ती. ‘स्पूल’ गळून पडण्यात आणखी एक अर्थ दिसतो. टपाल आता उचलून नेले जात नव्हते. ते सर्व्हरवरच कायम वस्तीस आले होते.

वस्ती कायमची झाली, तेव्हा माणसे आपल्या कप्प्यांना आपल्या भाषेत नावे देऊ लागली, आणि येथे मराठी माणसाचा या कथेशी थेट संबंध येतो. सर्व्हरवरील टपाल दुरून वाचण्याचा जो ‘आयमॅप’ नावाचा करार आहे, त्याच्या १९९६ च्या आवृत्तीने रोमनेतर लिपीतील नावांसाठी एक आडवळणाची लिपी ठरवून दिली. एखाद्याने ‘घरची पत्रे’ असा कप्पा केला, तर अनेक सर्व्हरांच्या डिस्कवर ते नाव देवनागरीत उमटत नसे. आरंभी इंग्रजी ‘अँड’चे चिन्ह, शेवटी एक आडवी रेघ, आणि मध्ये निरर्थक रोमन अक्षरांची माळ, असे त्याचे रूप होई. वाचणाऱ्याला पडद्यावर देवनागरी दिसे; परंतु सर्व्हर बिघडल्यावर कप्पे तपासण्यास बसलेल्या व्यवस्थापकाला त्या माळेवरून काहीही बोध होत नसे. २०२१ साली या कराराची जी नवी आवृत्ती आली, तीत सर्व लिपींना सामावणाऱ्या सांकेतिक पद्धतीतच नावे थेट लिहिण्याची मुभा मिळाली. तरी एक कर भरावाच लागतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह या पद्धतीत तीन बाइट जागा घेते आणि लिनक्सवर फाइलीच्या नावाला साधारणतः २५५ बाइटांची मर्यादा असते. म्हणून इंग्रजी नाव २५५ अक्षरांपर्यंत जाऊ शकते, तर मराठी नाव ८५ चिन्हांवर थांबते. काना, मात्रा, अनुस्वार हेही त्या चिन्हांत मोजले जातात.

कप्प्यांच्या नावांत भाषा आली की दुसराही प्रश्न उभा राहतो. पाठविलेल्या पत्रांचा कप्पा एका कार्यक्रमात ‘सेंट’, दुसऱ्यात ‘सेंट आयटेम्स’, तिसऱ्यात ‘सेंट मेसेजेस’. एकाच माणसाने दोन साधने वापरली की त्याची पाठविलेली पत्रे दोन ठिकाणी विभागली जात आणि पत्र हरवले असा त्याचा समज होई. २०११ साली यावर एक तोडगा मान्य झाला. कप्प्याचे नाव काहीही असो, त्याच्यावर ‘हा पाठविलेल्यांचा’, ‘हा मसुद्यांचा’, ‘हा टाकाऊचा’ अशी यंत्राला कळणारी वेगळी खूण ठेवावी. माणसासाठी नाव आणि यंत्रासाठी काम, या दोहोंची येथे फारकत झाली. फक्त एकच नाव या करारात अढळ राहिले: आलेल्या टपालाचा ‘इनबॉक्स’. ते मोठ्या लिपीत लिहा की लहान, त्याचा अर्थ सर्वत्र एकच.

आज कोट्यवधी लोकांचे टपाल सांभाळणाऱ्या प्रचंड कंपन्या प्रत्येक पत्रासाठी एकेक फाइल ठेवीत असतीलच असे नाही. अशा ठिकाणी कप्पा म्हणजे पुष्कळदा पत्रावर लावलेली एक चिठ्ठीच असते आणि एकाच पत्रावर अनेक चिठ्ठ्या लावता येतात. तथापि असंख्य विद्यापीठांच्या, कचेऱ्यांच्या आणि लहान संस्थांच्या सर्व्हरांवर ‘टीएमपी’, ‘न्यू’ आणि ‘कर्’ हे तीन कप्पे अद्याप आपले काम निमूटपणे करीत आहेत. त्यांची नावे पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नसतात, वाचणाऱ्यालाही नसतात. खणांच्या कपाटावरील चिठ्ठ्या तरी कोणी पत्रलेखकाने पाहिलेल्या असतात? रात्री केव्हा तरी वीज जाते, यंत्र बंद पडते, पुन्हा सुरू होते. आणि सकाळी पत्राचा धनी आपले टपाल उघडतो तेव्हा रात्री येऊन पोहोचलेले पत्र त्याला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जसेच्या तसे मिळते.